कोडासोबत चाचणी : काही सूचनापत्रांचे परीक्षण

ओपन सोर्स पद्धतीने चालणाऱ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांत मूळ कोडाच्या बरोबरीने एक लहानसा मजकूर ठेवलेला असतो. बाहेरच्या माणसास कोड सुधारून पाठवावयाचा झाल्यास तो त्याने कसा पाठवावा, हे त्यात सांगितलेले असते. ह्या मजकुरास प्रस्तुत लेखात 'सूचनापत्र' असे म्हटले आहे. वाङ्मय म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि विनंती, आज्ञा, अट आणि आश्वासन ह्या चारही प्रकारच्या वाक्यांची इतकी दाट वस्ती अन्य गद्यात क्वचितच आढळते. शिवाय शुद्धलेखन तपासणारी, अक्षरांची जुळणी करणारी, शब्दांची मूळ रूपे शोधणारी अशी भाषाविषयक साधने आज मोठ्या प्रमाणावर ह्याच पद्धतीने तयार होत असल्यामुळे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचा ह्या लेखनाशी आज ना उद्या संबंध येतोच. बहुतेक सूचनापत्रांत एक मागणी असते : कोडाबरोबर चाचणीही पाठवा. ही मागणी योग्य आहे, ह्याविषयी प्रस्तुत लेखकास शंका नाही. प्रश्न आहे तो ती कोणत्या शब्दांत केली जाते, कोणाकडे केली जाते आणि तिच्यामुळे कोण दाराबाहेर राहते, हा.

चाचणी म्हणजे मुख्य प्रोग्रामला ठरावीक सामग्री पुरवून त्याचे उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहणारा छोटा प्रोग्राम. कोडात कोणीही, कोठेही बदल केला की अशा शेकडो-हजारो चाचण्या आपोआप चालविल्या जातात आणि एखादे उत्तर बदलले असल्यास ते तत्काळ दिसून येते. हिचे महत्त्व कळण्यास मराठीतलेच उदाहरण पुरेसे आहे. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन शब्द आपल्या दृष्टीने अगदी वेगळे आहेत. एक मठात बसतो, दुसरा मुदपाकखान्यात. हा भेद लेखनात केवळ रफार आणि अर्ध्या ऱ्याची आडवी रेघ ह्यांवर उभा आहे. युनिकोडच्या व्यवस्थेत 'र', हलन्त आणि 'य' हे ह्या क्रमाने आले की रफार होतो. आडवी रेघ हवी असेल तर 'र'च्या जागी नुक्ता असलेला 'ऱ' योजावा लागतो, किंवा 'र' आणि हलन्त ह्यांच्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालावे लागते. हिंदीच्या लेखकास ह्याची कधी गरज पडत नाही. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस ह्या सर्वांत अक्षरजुळणीचे काम करणारा हार्फबझ हा प्रकल्प ज्यांच्या हाती आहे, त्यांनी देवनागरीच्या नियमांत उद्या काही डागडुजी केली आणि तीत ही रेघ पुसली गेली, तर त्यांच्या डोळ्यांना ते कळणार नाही. कळेल ते चाचणीला. हार्फबझमध्ये अशी चाचणी म्हणजे बहुधा एक ओळ असते : कोणता फाँट, कोणती वर्णचिन्हे, आणि त्यांतून निघावयास हवी ती आकृतींची मालिका. ती ओळ लिहून ठेवणारा मराठी माणूस प्रकल्प सोडून गेला, तरी त्याचे ज्ञान तेथे पहाऱ्यास उभे राहते.

येथे शब्दयोजनेविषयी थोडे विषयांतर आवश्यक वाटते. मराठीत ह्या अर्थाचे तीन शब्द सहज सुचतात : परीक्षा, कसोटी आणि चाचणी. परीक्षा माणसाची होते आणि तीत तो नापास होऊ शकतो. कसोटी सोन्याची, तेथे माणूस बाजूस राहतो, परंतु एकदा कस लागला की काम संपले. चाचणी वस्तूची होते आणि ती पुन्हा पुन्हा करता येते. इंग्रजीतला 'टेस्ट' हा एकच शब्द तिन्ही छटा पोटात घेऊन बसलेला आहे. सूचनापत्र वाचणाऱ्या नवख्यास 'टेस्ट दिल्याशिवाय तुमचे काम घेतले जाणार नाही' ह्या आशयाचे वाक्य समोर आले की त्याच्या मनात पहिली छटा उमटते. लिहिणाऱ्याच्या मनात तिसरी असते. पुढे ज्या गैरसमजांचा विचार करावयाचा आहे, त्यांतील काहींचे मूळ मला येथे दिसते.

क्रियापदांची गोष्टही अशीच आहे. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांसाठी मार्च १९९७ मध्ये 'आरएफसी २११९' हे एक टिपण प्रसिद्ध झाले. त्यात 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' ह्या तीन सहायक क्रियापदांचे अर्थ ठरवून दिले आहेत : पहिल्यास अपवाद नाही, दुसऱ्यास सबळ कारण असल्यास अपवाद चालतो, पण परिणाम समजून उमजून, तिसरे ऐच्छिक. सूचनापत्रे ह्याच शब्दांत बोलतात, मात्र हा संकेत सर्वच पाळतात असे नाही. कित्येकदा 'शुड' लिहिलेले असते आणि वागणूक 'मस्ट'ची असते. आपल्याकडे 'चाचणी पाठवावी' हे विध्यर्थी रूप घेतले, तर त्यात सौजन्यही आहे आणि सक्तीही. सरकारी परिपत्रकांतील 'करावे' म्हणजे काय, हे कोणा मराठी वाचकास सांगावयास नको. अशा संदिग्ध रूपाने सर्वांत अधिक गोंधळतो तो नवखा. जुन्या माणसाला नियमांतील फटी माहीत असतात.

ह्या दृष्टीने जँगो ह्या प्रकल्पाचे सूचनापत्र वाचनीय आहे. जँगो ही संकेतस्थळे बांधण्याची चौकट अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मली आणि २००५ साली सर्वांसाठी खुली झाली. तिच्या सूचनापत्रात भूमिका स्पष्ट आहे : बहुतेक प्रसंगी चाचणीवाचून बदल स्वीकारला जात नाही, आणि दोष दुरुस्त करणाऱ्याने अशी चाचणी लिहावी की जी दोष असेपर्यंत अयशस्वी ठरेल आणि दोष गेल्यावर यशस्वी होईल. एवढ्यावर हे लेखन थांबले असते, तर त्याचा विशेष उल्लेख करण्याचे कारण नव्हते. परंतु प्रथमच कोड पाठवू इच्छिणाऱ्यांसाठी तेथे एक सविस्तर पाठ दिलेला आहे. त्यात 'टोस्ट' हा शब्द परत देणारे एक निरर्थक, लुटुपुटीचे फल घेऊन आधी चाचणी लिहावयास लावतात, ती पडलेली दाखवितात, मग कोड लिहावयास लावतात आणि तीच चाचणी उत्तीर्ण होताना दाखवितात. पावाच्या भाजलेल्या तुकड्याची ही योजना थोडी पोरकट वाटेल. तिचे शिक्षणशास्त्र मात्र पक्के आहे. विद्यार्थ्यास नियम सांगण्यापूर्वी त्याच्या हातून तो एकदा घडवून घ्यावा, हे आपण व्याकरणाच्या तासाला विसरतो ते येथे सांभाळले आहे. चाचण्या लिहिणे प्रथमदर्शनी अवघड वाटते, अशी कबुलीही त्याच पाठात दिलेली आहे, हे विशेष.

जँगोच्या कामाच्या नोंदवहीत प्रत्येक प्रस्तावासमोर काही खुणा करण्याची सोय आहे. त्यांतील एक 'चाचणी हवी' अशा अर्थाची आहे. ही खूण मला सूचनापत्रातील कोणत्याही वाक्यापेक्षा अधिक मोलाची वाटते. तिने प्रस्ताव नाकारला जात नाही. एका विशिष्ट उणिवेपाशी तो थांबून राहतो, आणि ती उणीव मूळ लेखकानेच भरून काढली पाहिजे असेही नाही. दुसरा कोणी येऊन चाचणी जोडू शकतो. आमच्या विभागातील एका विद्यार्थिनीने एका प्रकल्पास — त्याचे नाव येथे घेत नाही — मराठी रूपांविषयीची एक अचूक दुरुस्ती पाठविली होती. 'चाचणी नाही' एवढेच उत्तर आले आणि प्रस्ताव त्याच दिवशी बंद झाला. तिला चाचणी लिहिता आली नसती असे नाही. ती कोठे आणि कोणत्या आकारात लिहावयाची, हे तिला कोणी सांगितले नव्हते. दोन शब्दांचे उत्तर देणाऱ्यासही पगार नसतो, हे लक्षात घेऊनही मला त्या उत्तराचा राग येतो.

गिट ह्या प्रकल्पाचे लेखन ह्याहून कोरडे आहे. २००५ साली लिनस टॉरवल्ड्स ह्यांनी सुरू केलेल्या ह्या साधनाच्या सूचनापत्रात धीर नाही, टोस्ट तर नाहीच. परंतु त्यातल्या एका सूचनेत जी नेमकी विचारशक्ती आहे ती अन्यत्र मला आढळली नाही. नवे वैशिष्ट्य जोडणाऱ्याने ते जेथे लागू व्हावयास हवे तेथे लागू होते हे तर चाचणीने दाखवावेच, पण जेथे लागू होता कामा नये तेथे ते होत नाही हेही दाखवावे, असे तेथे सांगितले आहे. भाषाशास्त्राच्या वाचकास ह्यात आपली तारांकित वाक्ये ओळखू येतील. नियमाची व्याप्ती केवळ ग्राह्य उदाहरणांनी कळत नाही. अग्राह्य उदाहरणे दिल्यावरच त्याची सीमा कळते. मराठीत '-ला' हा प्रत्यय शब्दापासून सुटा करणारा प्रोग्राम लिहिला आणि 'घराला', 'मुलाला', 'गावाला' ह्यांवर तो तपासला, तर तो निर्दोष वाटेल. 'कला' हा शब्द त्यापुढे ठेवताच हाती नुसता 'क' उरेल. 'शिला' घातल्यास 'शि'. सप्तमीच्या '-त'ची तीच कथा : 'घरात' नीट सुटेल, पण 'भात', 'रात' आणि 'वात' ह्यांचे काय होईल ते सांगावयास नको. पहिल्या प्रकारची उदाहरणे कोणासही सुचतात. दुसऱ्या प्रकारची सुचण्यास भाषा यावी लागते, आणि चाचणीची मागणी करणाऱ्याने खरी मागणी ह्या दुसऱ्या प्रकाराची केली पाहिजे.

गिटमध्ये आणखी एक सोय आहे, तिची मात्र तेथील लोकांनीही पुरेशी जाहिरात केलेली नाही. 'हे आज चुकते, असे आम्हांस ठाऊक आहे' अशी खूण करून चाचणी नोंदविता येते. अशी चाचणी पडली तरी काम अडत नाही. पुढे कोणी दोष दूर केला की तीच खूण बदलून नेहमीची करतात. ह्याचा अर्थ असा की, कोड न देता केवळ चाचणी देणे हे तेथे शक्य आहे. माझ्या मते संपूर्ण प्रश्नाची किल्ली येथे आहे. आजवर मागणी एकाच दिशेने केली गेली : कोड आणलास, आता चाचणी आण. उलट दिशेने दार उघडले, तर ज्यास प्रोग्राम लिहिता येत नाही पण कोणते रूप चुकले हे निश्चित सांगता येते, असा माणूस आत येऊ शकतो. आपल्या भाषांच्या बाबतीत अशीच माणसे अधिक आहेत.

एस्क्यूलाइट हे उदाहरण दुसऱ्या टोकाचे. रिचर्ड हिप ह्यांनी २००० साली प्रथम प्रसिद्ध केलेली ही माहितीसाठा सांभाळणारी प्रणाली जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. तिच्या चाचण्यांविषयी प्रसिद्ध केलेल्या निवेदनात ३.४२.० ह्या २०२३ च्या आवृत्तीचे आकडे दिले आहेत : मूळ कोड सुमारे १,५५,८०० ओळी, आणि चाचण्यांचा कोड ९ कोटी २० लाखांहून अधिक ओळी, म्हणजे ५९० पट. हे आकडे वाचून कोणाचाही ऊर दडपेल. परंतु हाच प्रकल्प आपण ओपन सोर्स आहोत, पण बाहेरच्या योगदानासाठी खुले नाही, असे स्वच्छ सांगतो. आणि त्याच्या चाचण्यांपैकी एक महत्त्वाचा संच खाजगी मालकीचा आहे. ह्यात अप्रामाणिक काही नाही. जे आहे ते सांगून मोकळे होण्याचा हा प्रकार मला निम्म्या उघड्या दारापेक्षा बरा वाटतो. मात्र चाचण्यांची उत्कृष्टता आणि बाहेरच्यांचे उत्तेजन ह्या दोन गोष्टी एकत्र नांदतातच, ही भाबडी समजूत ह्या उदाहरणाने दूर व्हावयास हवी.

उत्तेजन नेमके कशाने मिळते, ह्याचा पद्धतशीर अभ्यासही झालेला आहे. राफाएल फाम आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २०१३ साली गिटहबवरील चाचणीसंस्कृतीविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. गिटहबवर काम करणाऱ्यांशी बोलून त्यांनी जे चित्र काढले त्यात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, प्रकल्प सांभाळणारे ओळखीच्या माणसाच्या किरकोळ बदलास चाचणी मागत नाहीत, अनोळखी माणसाकडे मात्र तिचा आग्रह धरतात. दुसरी, नवा माणूस सूचनापत्रापेक्षा प्रकल्पात आधीच असलेल्या चाचण्यांकडे पाहून शिकतो; त्यांतील एखादी घेऊन तिच्यात फेरफार करतो. पहिल्या गोष्टीस पक्षपात म्हणता येईल, पण व्यवहारात ती अटळ आहे; आपणही परिचिताच्या लेखाची संदर्भसूची तितक्या कसोशीने तपासत नाही. दुसरी गोष्ट सूचनापत्रे लिहिणाऱ्यांनी मनावर घेण्यासारखी आहे. ज्या प्रकल्पात अनुकरणीय चाचणी नाही, त्याने चाचणी मागणे म्हणजे ज्या घरात पाट नाही त्याने पाहुण्यास पाटावर बसा म्हणणे होय.

भाषाशास्त्रात ही परंपरा नवी नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८७ साली फ्लिकिंजर, नरबोन, सॅग आणि वॅसो ह्यांनी इंग्रजी व्याकरणाचे प्रोग्राम तपासण्यासाठी वाक्यांचा एक संच केला. त्यात व्याकरणशुद्ध वाक्यांच्या जोडीस अशुद्ध वाक्येही हेतुतः घातली होती. पुढे १९९० च्या दशकात इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन ह्या तीन भाषांसाठी असाच प्रयत्न युरोपात झाला. नॉर्वेतील ट्रोम्सो येथे सामी भाषांसाठी चाललेल्या गिएलाएलटी ह्या कामात तर ह्या परंपरेस फार सोयीचे रूप मिळाले आहे. तेथे रूपावलीच्या कोडातच, ज्या नियमाविषयी बोलावयाचे त्याच्या शेजारी, ग्राह्य आणि अग्राह्य रूपे वेगवेगळ्या खुणांनी टिपून ठेवता येतात, आणि त्याच टिपा चाचणी म्हणून चालविल्या जातात. पारंपरिक व्याकरणकार नियमाखाली उदाहरणे आणि अपवाद देतो, त्याचेच हे यांत्रिक रूप आहे. ज्याला दामले ह्यांचे व्याकरण वाचता येते त्याला ही चाचणी लिहिता येईल.

शेवटी स्नोबॉल ह्या प्रकल्पाचा थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे. मार्टिन पोर्टर ह्यांनी इंग्रजी शब्दांचे प्रत्यय छाटण्याची आपली रीत १९८० साली 'प्रोग्राम' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ती फार लोकप्रिय झाली, आणि लोकांनी निबंध वाचून आपापल्या परीने तिचे कोड लिहिले. त्यांतील अनेकांत चुका होत्या. परिणाम असा झाला की, पोर्टरची रीत म्हणून जी संशोधनात वापरली जाई ती पुष्कळदा पोर्टरची नसेच. ह्यावर पोर्टर ह्यांनी केलेला उपाय ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यांनी स्वतःचा प्रोग्राम तर प्रसिद्ध केलाच. शिवाय २३ हजारांहून अधिक इंग्रजी शब्दांची एक यादी आणि तिच्यासमोर अपेक्षित उत्तरांची दुसरी यादी जोडून दिली. आता कोणीही, कोणत्याही भाषेत कोड लिहावा आणि ह्या यादीशी ताडून पाहावा. त्यांनी इतरांकडे चाचणी मागितली नाही, ती इतरांच्या हाती दिली. पुढे २००१ साली अशा रीती नेमकेपणाने लिहिण्यासाठी त्यांनी स्नोबॉल ही छोटी भाषाच तयार केली. स्नोबॉल नावाच्याच, पण वेगळ्या वर्णरचनेच्या, शब्दमालिका हाताळणाऱ्या एका जुन्या प्रोग्रामिंग भाषेचे स्मरण तिच्या नावात आहे.

आज स्नोबॉलमध्ये हिंदी, नेपाळी आणि तमिळ ह्या भाषांसाठीही रीती आहेत. नवी भाषा जोडणाऱ्याकडे सूचनापत्र रीतीच्या कोडाबरोबर शब्दांची यादी, तिची उत्तरे आणि त्या यादीचा मुक्त परवाना ह्या तीन गोष्टी मागते. यादी हाताशी नसल्यास विकिपीडियावरील सर्वाधिक वापरातले शब्द काढून देणारा एक लहान प्रोग्रामही तेथे पुरविलेला आहे. मागणीबरोबरच ती पुरी करण्याचे साधन द्यावे, ही रीत सर्व प्रकल्पांनी उचलण्यासारखी आहे. परवान्याची आठवण आधीच करून देणे हेही शहाणपणाचे.

तरीही एक आक्षेप घ्यावासा वाटतो. विकिपीडियावरून यादी काढली आणि उत्तरे त्याच नव्या प्रोग्रामने दिली, तर ती चाचणी इतकेच सिद्ध करते की प्रोग्राम कालच्यासारखाच आज वागतो. काल तो 'कला'चा 'क' करीत असेल, तर 'क' हेच अपेक्षित उत्तर म्हणून नोंदले जाईल, आणि उद्या ज्याने ते सुधारले त्याचीच चाचणी पडेल. आकस्मिक बदल पकडण्यास अशी यादी उत्तम आहे. योग्यायोग्यता ठरविण्यास नव्हे. ह्यासाठी मोठ्या यादीखेरीज माणसाने निवडलेली एक लहान यादी हवी. पोर्टर ह्यांच्या मते मूळ धातू शोधणे हा ह्या रीतींचा उद्देशच नाही. संबंधित रूपे एकत्र यावीत आणि असंबद्ध रूपे एकत्र येऊ नयेत, एवढेच त्यांनी साधावयाचे. तेव्हा यादी जोड्यांची असावी. 'माणूस' आणि 'माणसाने' एकत्र यावेत, 'पाणी' आणि 'पाण्यात' एकत्र यावेत; 'पानात' आणि 'पाण्यात' एकत्र येता कामा नयेत; 'माळावर' आणि 'माळ्यावर' हेही नयेत, कारण एक डोंगरापाशी आणि दुसरा घराच्या छताखाली. चार-दोनशे जोड्यांची अशी यादी मराठीचा कोणताही पदव्युत्तर विद्यार्थी एका महिन्यात करू शकेल, आणि ती कोणत्याही एका प्रकल्पापुरती उपयोगी राहणार नाही.

ती करताना एक अडचण मात्र पहिल्याच आठवड्यात येईल. 'माळ्यास' हे रूप 'माळा' ह्या शब्दाचे आहे, तसेच 'माळी' ह्या शब्दाचेही. दोहोंचे सामान्यरूप एकच. ते कोणाच्या जोडीस बसवावयाचे, हे वाक्य पाहिल्यावाचून सांगता येत नाही, आणि स्नोबॉलच्या यादीत एका शब्दासमोर एकच उत्तर लिहावयाची सोय आहे.